दुसरे ताट

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी दुपारी मी आईला एक फिनिश चित्रपट वाचून दाखवला. ‘वाचून दाखवला’ असेच म्हणायला हवे, कारण इंग्रजी अक्षरे तिला लागत असली तरी पडद्याच्या तळाशी येणारी ओळ तिची नजर तिथे पोहोचेपर्यंत निघून जाते. मी तिच्या शेजारी बसून प्रत्येक ओळ मराठीत सांगत होते. तासाभरात घसा सुकेल या अंदाजाने मी पाण्याचा तांब्याही जवळ घेऊन बसले होते, पण त्याची गरज पडली नाही. या चित्रपटातली माणसे इतके थोडे बोलतात की कित्येकदा मी पुढच्या ओळीची वाट पाहत राही आणि आई हाताने खूण करून सांगे, थांब, कळलं मला.

चित्रपटाचे मूळ नाव ‘कुओलेत लेहदेत’, म्हणजे मेलेली पाने. जगभर तो ‘फॉलन लीव्ह्ज’ या नावाने गेला. दिग्दर्शक आकी कौरिस्माकी. २०१७ साली आलेल्या चित्रपटानंतर आपण आता थांबणार असे त्याने जाहीर केले होते. तो परतला तो २०२३ साली, अवघ्या ८१ मिनिटांची ही प्रेमकथा घेऊन, आणि त्या वर्षीच्या कान महोत्सवात तिला ज्युरी पारितोषिक मिळाले. १९८६ ते १९९० या काळात त्याने हेलसिंकीतल्या कामगारांवर तीन चित्रपट केले होते. हा त्याच मालिकेतला चौथा म्हणून ओळखला जातो. कारखान्यात आणि दुकानात राबणाऱ्या, चाळिशीच्या आसपासच्या दोन एकट्या माणसांची ही प्रेमकथा आहे आणि तिला रोमँटिक कॉमेडी म्हणतात. तशी ती आहेही. मात्र या प्रकाराची आपल्याला जी सवय झालेली आहे, त्यातले जवळजवळ काहीच तिच्यात नाही.

आन्सा एका सुपरमार्केटमध्ये काम करते. तिचा करार असा की मालकाने बोलावले त्या दिवशी काम, न बोलावल्यास पगार नाही. मुदत संपलेले खाद्यपदार्थ कचऱ्यात टाकण्याऐवजी ती एका गरजवंताला नेऊ देते आणि एक स्वतःच्या पिशवीत टाकते. पहारेकऱ्याचे डोळे तिच्यावर असतातच. दिवसाच्या शेवटी पिशवी उघडायला लावतात आणि नोकरी जाते. सोबतच्या मैत्रिणीही तिच्याबरोबर बाहेर पडतात. होलाप्पा हा धातूकाम करणारा कामगार आहे. वाळूच्या झोताने लोखंड घासणे, म्हणजे सँडब्लास्टिंग, हे त्याचे काम आणि लपवून दारू पिणे ही त्याची दिनचर्या. दोघे एका कॅराओके बारमध्ये एकमेकांना दिसतात. त्या रात्री बोलतात ते त्यांचे मित्र. ही दोघे फक्त बघतात. पुढे ती एकत्र चित्रपट पाहतात, ती त्याला कागदावर फोन नंबर लिहून देते आणि तो कागद त्याच्या खिशातून वाऱ्यावर उडून जातो. ज्या जगात माणूस हरवणेच अशक्य झाले आहे, त्या जगात हा दिग्दर्शक एक चिठोरा उडवून दोन माणसांना एकमेकांपासून तोडतो आणि आपल्याला ते पटते. मग होलाप्पा रोज त्या थिएटरबाहेर उभा राहतो. एके संध्याकाळी आन्सा तिथे येते तेव्हा तो नुकताच निघून गेलेला असतो, पण जमिनीवर सिगारेटच्या थोटकांचा खच पडलेला असतो. तिला त्यावरून कळते की कुणीतरी पुष्कळ वेळ वाट पाहिली आहे. कुठलाही प्रियकर ओठांनी इतके बोललेला मला आठवत नाही.

आई इथे पहिल्यांदा बोलली. “गेटवर उभे राहायचे तसे,” एवढेच म्हणाली.

ते गेट कुठले हे मला विचारावे लागले नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाण्यातली वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. माझे आईवडील दोघेही तिथे एकाच कंपनीत ‘लागले’ होते. बाबा मशीन शॉपमध्ये, आई पॅकिंगला. तेव्हाच्या कारखाने कायद्यानुसार स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कामावर ठेवता येत नसे, त्यामुळे आईची कायम फर्स्ट शिफ्ट आणि बाबांची दर आठवड्याला बदलणारी. ज्या आठवड्यात बाबांना सेकंड शिफ्ट असे, त्या आठवड्यात दुपारी साडेतीनला ती बाहेर पडताना ते आत शिरत, आणि थर्डला असत तेव्हा सकाळी सातला ती आत जाताना ते बाहेर येत. शिफ्ट बदलण्याच्या या पाचदहा मिनिटांत, भोंगा, सायकली, झडतीची रांग आणि बसमागे धावणारी गर्दी यांच्यामधून, दीड वर्ष त्या दोघांनी एकमेकांना पाहिले. बोलणे जवळजवळ नव्हतेच. आज त्या जागी काचेची उंच इमारत आहे आणि आत संगणकावर काम करणारी मुले गळ्यात ओळखपत्र अडकवून चहाला बाहेर येतात.

म्हणूनच, आमच्या हॉलमध्ये बसून हेलसिंकीतली ती दोन माणसे पाहताना परके काही पाहतो आहोत असे मला वाटले नाही. प्रेमकथेतल्या माणसांना सहसा नोकरी असते ती नावापुरती. नायक वास्तुविशारद असतो, नायिका मासिकात लिहीत असते, आणि दोघांनाही मंगळवारी सकाळी अकरा वाजता कॉफी प्यायला वेळ असतो. कौरिस्माकीच्या चित्रपटात काम हे प्रेमाच्या वाटेतले खरे वास्तव आहे. आन्साची पहिली नोकरी जाते, दुसरी ती एका बारमध्ये भांडी घासण्याची धरते, आणि नेमक्या पगाराच्या दिवशी मालकालाच पोलीस उचलून नेतात. मग कारखाना. विजेचे बिल हातात पडल्यावर ती ते वाचते आणि घरातली एकेक वस्तू बंद करत जाते. ना सुस्कारा, ना कपाळाला हात. होलाप्पाचे यंत्र जुने आहे, त्याची नळी फुटून तो जखमी होतो, पण रक्तात दारू सापडते आणि दोष त्याच्या एकट्याच्या माथी येतो. दिग्दर्शक यावर भाषण करत नाही. जुनी नळी कुणी बदलली नाही एवढे तो आपल्याला दाखवून ठेवतो. आई पॅकिंगमध्ये असताना एका बाईला, फुटलेल्या खोक्यातली साबणाची एक वडी पदरात सापडली म्हणून, त्याच दिवशी हिशेब करून घरी पाठवले होते. ती बाई गेटबाहेर कशी उभी होती हे आई आजही सांगते, आणि आन्साची पिशवी उघडली गेली तेव्हा तिने माझा हात धरून ठेवला होता.

आता विनोदाविषयी. हा चित्रपट विनोदी आहे असे सांगितले की लोकांना आश्चर्य वाटते, कारण पडद्यावर जवळजवळ कुणी हसत नाही. अल्मा पोउस्ती आणि युस्सी वातानेन हे दोघे कलावंत चेहरा असा स्थिर ठेवतात की भुवई किंचित हलली तरी ती घटना वाटते. विनोद येतो तो बोलणे आणि चेहरा यांच्या मधल्या फटीतून. मित्र होलाप्पाला विचारतो, तू खिन्न का असतोस? पितो म्हणून. मग पितोस का? खिन्न असतो म्हणून. हे दोघे अगदी साध्या आवाजात बोलतात, पाना-स्क्रूड्रायव्हरविषयी बोलावे तसे. होलाप्पाचे म्हणणे असते की कणखर पुरुष गात नाहीत. ते ऐकून घेऊन त्याचा मित्र हुओतारी माईकसमोर उभा राहतो आणि मनापासून गातो, आणि नंतर आपल्या आवाजाची कुणी दखल घेतली नाही ही खंत उराशी बाळगतो. पहिल्या भेटीत आन्सा आणि होलाप्पा जो चित्रपट पाहतात तो प्रेतांच्या उठण्याचा, झोंबींचा. थिएटरातून बाहेर पडणारे दोन प्रेक्षक गंभीरपणे त्याची तुलना फ्रेंच सिनेमातल्या थोर कलाकृतींशी करतात. आईला तो संदर्भ कळणे शक्य नव्हते, पण ती हसली. आमच्या गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर नाटक सुटल्यानंतर उभे राहणारे गृहस्थ तिला आठवले असावेत.

हे हसू कुणाच्याही पाठीमागे उडवलेले नाही, आणि माझ्या मते ही या चित्रपटाची सर्वांत मोठी कमाई आहे. गरीब माणसांवरच्या विनोदात पुष्कळदा त्यांचे कपडे, त्यांचे उच्चार, त्यांचा गोंधळ यांवर हसवले जाते. इथे कामगार हा हसण्याचा विषय नाही. विनोद त्याच्याच मालकीचा आहे. दिवसभराच्या कामानंतर जी एकच गोष्ट त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकलेले नाही, ती म्हणजे त्याची कोरडी, चिवट विनोदबुद्धी. बाबा आजारपणातही डॉक्टरांना अशाच स्थिर चेहऱ्याने उत्तरे देत आणि डॉक्टरांना हसावे की नाही ते कळत नसे.

छायाचित्रणाचे काम कौरिस्माकीचा जुना सहकारी तिमो साल्मिनेन याने फिल्मच्या रिळावर केले आहे. आन्साचे घर एका खोलीचे, पण त्यातला लाल, निळा, हिरवा असा उभा आहे की ती खोली सुंदर दिसते. इथे दारिद्र्य करड्या रंगात बुडवून दाखवलेले नाही. किसननगरच्या आमच्या खोलीतही भिंतीला निळा रंग होता आणि आईने त्यावर शोभेल असा पिवळा पडदा मुद्दाम शिवून लावला होता. कामगाराच्या घरात रंग असतात, हे ठाऊक असलेल्या माणसाने हा चित्रपट काढला आहे.

आणि आता ताट.

नंबर हरवून, वाट पाहून, पुन्हा भेटून शेवटी आन्सा होलाप्पाला घरी जेवायला बोलावते. त्याआधी ती दुकानात जाते आणि एक ताटली, एक काटा, एक सुरी विकत घेते. एकच. कारण तिच्या घरात आजवर एकाच माणसापुरते सामान होते. या क्षणाला संगीताचा उसासा जोडलेला नाही, चेहऱ्याचे जवळचे दृश्य घेऊन डोळ्यांतले पाणी दाखवलेले नाही. एक बाई भांडी विकत घेते आहे, इतकेच. तरी संपूर्ण चित्रपटातला सर्वांत धीट उद्गार मला तोच वाटतो. ‘मी तुझ्यावर प्रेम करते’ हे वाक्य फुकट बोलता येते. जिचा पगार कधीही बंद होऊ शकतो अशा बाईला दुसरी ताटली मात्र हिशेब करून घ्यावी लागते.

मी त्या वेळी काही वाचत नव्हते, कारण वाचण्यासारखे काही नव्हतेच. आई पुढे झुकून बसली होती. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि मांडणीवरून एक ताट काढून आणून मांडीवर ठेवून पुन्हा पाहू लागली.

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे. जांभळी नाक्याच्या बाजारातल्या दुकानात भांडे घेतले की तिथला माणूस घरघरणाऱ्या मशीनने त्यावर बाबांचे नाव आणि तारीख घालून देई, आणि लहानपणी मला ते ठिपक्याठिपक्यांचे अक्षर बोटाने चाचपायला आवडे. आई बाबांचे नाव तोंडाने कधी घेत नसे, पण दिवसातून शंभरदा ते तिच्या हाताखालून जाई. फक्त एका स्टीलच्या ताटावर काहीच कोरलेले नाही. काठ थोडा चेपलेला आहे, मध्यभागी घासून घासून चरे पडले आहेत, आणि बाबा नेहमी त्यातच जेवत. हे माझ्या इतक्या अंगवळणी पडले होते की त्याबद्दल विचारावे असे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत कधी सुचले नाही.

“हे लग्नाच्या आधीचं,” आई म्हणाली. “पहिल्या बोनसला दोन घेतली होती. दुकानदार म्हणाला, एकावर तुमचं घालतो, दुसऱ्यावर कुणाचं घालू? मी म्हटलं, राहू दे कोरं.”

“तेव्हा बाबांशी बोलणं झालं होतं?”

“बोलणं कसलं. गेटवर दिसायचे.”

“मग बाबांना माहीत होतं का हे?”

“त्यातच तर वाढत होते मी त्यांना,” ती म्हणाली, आणि पडद्याकडे बोट करून मला वाचायला लावले, कारण तोवर जेवण सुरू होऊन संपतही आले होते.

ते जेवण बिघडते. टेबलावरची छोटी बाटली लगेच रिकामी होते आणि होलाप्पा कोटाच्या खिशातल्या चपट्या बाटलीकडे वळतो. आन्सा ते पाहते. माझे वडील दारूने गेले, भाऊही गेला, आई त्या दुःखाने गेली, असे ती त्याला सांगते. मला तू आवडतोस, पण दारुडा मला नको. त्याला हुकूम ऐकायची सवय नाही, तो निघून जातो. ती नवी ताटली उचलते आणि कचऱ्यात टाकते. प्रेमपटांत नायकाचे पिणे हे एक तर गमतीचे असते, नाही तर विरहाचे भूषण असते. इथे ते फक्त पिणे आहे, आणि ज्या बाईने त्याची किंमत आधीच मोजली आहे तिला त्यात काही काव्य दिसत नाही. आई म्हणाली, “बरोबर बोलली.” माझा मामा कंपनीला टाळे लागल्यानंतर असाच गेला. मामीने त्याला सोडून जावे असे तेव्हा कुणी म्हणाले नाही. आईही म्हणाली नव्हती. ती आता एका फिनिश बाईच्या बाजूने इतक्या ठामपणे उभी राहिली, त्यात मामीचाही वाटा असावा असे मला वाटले, पण मी तो विषय काढला नाही.

आन्साच्या खोलीत एक रेडिओ आहे. ती तो लावते तेव्हा बहुतेक वेळा युक्रेनमधल्या युद्धाच्या बातम्या येतात. ‘मारियुपोल’ हा शब्द मी सांगण्याआधी आईने उचलला. “हे आत्ताचं आहे?” तिने आश्चर्याने विचारले, कारण रेडिओची ठेवण, कपडे, बारमधली गाणी हे सगळे तिला जुन्या काळातले वाटत होते. प्रश्न अगदी योग्य होता. चित्रपटात भिंतीवर २०२४ चे कॅलेंडर दिसते, रेडिओवर २०२२ चे युद्ध चालू आहे आणि खोलीतले सामान त्याहून कितीतरी जुने आहे. फिनलंडची रशियाशी १३०० किलोमीटरहून लांब सरहद्द आहे आणि हा चित्रपट कानला पोहोचला त्याच्या आदल्याच महिन्यात, एप्रिल २०२३ मध्ये, तो देश नाटोत सामील झाला होता. तिथल्या प्रेक्षकाला त्या बातम्या शेजारघरच्या आवाजासारख्या ऐकू आल्या असतील. प्रेमकथेत युद्ध आणायचे तर ते विरहासाठी आणतात. इथे ते जेवणाच्या वेळी रेडिओवर असते, जसे ते आपल्याकडे टीव्हीवर असते, आणि आन्सा हात लांब करून ते बंद करते.

एका बाबतीत माझे समाधान झाले नाही, तेही लिहायला हवे. होलाप्पा स्वतः होऊन बाटल्या मोरीत ओततो, आन्साला फोन करतो, ती लगेच ये म्हणते आणि तो निघतो. त्याच वेळी त्याला अपघात होतो व तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पडतो. एकदा वाऱ्याने चिठोरा उडवल्यावर नशिबाने दुसऱ्यांदा मध्ये येणे मला जास्त झाले. अपघात पडद्यावर दिसत नाही, फक्त आवाज येतो, हा संयम दिग्दर्शकाचा, तरीही ही कलाटणी जुन्या अश्रुप्रधान चित्रपटांकडून उसनी आणलेली आहे. ती उसनवारी तो लपवत नाही हे खरे, आणि त्यामुळे आन्साला बेशुद्ध माणसाच्या उशाशी बसून वाचत राहण्याचे ते अप्रतिम दृश्य मिळते हेही खरे. आईला यात काही खटकले नाही. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात रुग्णालयात ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे, अगदी नोकरीच्या जाहिरातींसकट.

या सगळ्या काळात आन्साच्या सोबतीला एक कुत्रा आलेला असतो. कारखान्याच्या आवारातला तो भटका कुत्रा मारला जाणार होता, त्याला तिने घरी आणले. चित्रपट संपता संपता होलाप्पा कुबड्या घेऊन रुग्णालयातून बाहेर येतो, अंगावर परिचारिकेने दिलेले तिच्या माजी नवऱ्याचे कपडे. तो कुत्र्याचे नाव विचारतो. आन्सा सांगते, चॅप्लिन. मग पाठमोरी ती तिघे पानगळीच्या उद्यानातून लांब चालत जातात आणि फिनलंडचा जुना लाडका गायक ओलावी विर्टा याच्या आवाजात त्या मेलेल्या पानांचे गाणे सुरू होते. पहिल्या भेटीच्या शेवटी होलाप्पाने आन्साला तिचे नाव विचारले होते आणि तिने ‘पुढच्या वेळी सांगेन’ असे उत्तर दिले होते. नावाशिवाय माणूस किती दूरपर्यंत आपला होऊ शकतो हे चित्रपटाने इतक्या हळुवारपणे दाखवले की कुत्र्याचे नाव ऐकताना मला भरून आले. आईला चॅप्लिन ठाऊक होता. बाबांनी तिला लग्नानंतर जो पहिला सिनेमा दाखवला तो त्याचाच होता, तिकिटे काढून ते थिएटरच्या दारात उभे होते, आणि तिला फर्स्ट शिफ्ट सुटून पोहोचायला उशीर झाला होता.

संध्याकाळी पाऊस थांबला. आईने कुकर लावला, आमटीला फोडणी घातली आणि पाने घेतली. ते कोरे ताट बाबा गेल्यानंतरची नऊ वर्षे मांडणीवरच होते. त्या दिवशी तिने ते माझ्यासमोर ठेवले आणि त्यात भात वाढला.